बांबूचा बनियन

फलटणच्या बाजारपेठेत आता ‘बांबूचा’ कपडा मिळू लागला आहे. बनियन, मोजे, कुर्ते. पाकिटावर हिरवे पान आणि खाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’. कापड मऊ, अंगाला गार, माणदेशी उन्हाळ्यात बरेच सोयीचे. कापडाबद्दल तक्रार नाही. त्या पानाबद्दल आहे.

बांबू ठेचून, कुजवून अंबाडीचा काढतात तसा वाख काढता येतो; पण तो इतका खरखरीत की त्याचा बनियन घालायला देहदंडाची हौस हवी. पाकिटात असते ते बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे आपल्या आजीच्या वेळचे रेयॉनच. निलगिरी असो, सूचिपर्णी लाकूड असो की बांबू. त्यातले लिग्निन वगैरे काढून नव्वद टक्क्यांवर सेल्युलोज उरेल इतका शुद्ध लगदा करायचा. तो कॉस्टिक सोड्यात भिजवून पिळायचा, भुगा करून मुरवायचा. मग कार्बन डायसल्फाइड मिसळले की भुगा नारिंगी होतो. तो पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवून जो दाट पाक होतो, तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक ॲसिडच्या हौदात सोडायचा, सोऱ्यातून कढईत शेव पाडावी तसा. ॲसिड लागताच सेल्युलोज पुन्हा घट्ट होते आणि धागा हाती येतो. एवढे झाल्यावर आत बांबू होता की निलगिरी, हे धागा पाहून सांगणे मोठे अवघड. साखरवाडीच्या उसाच्या चिपाडातही सेल्युलोजच असते. आपण ते बॉयलरखाली घालतो, म्हणून त्याला पान चिकटत नाही इतकेच.

सुती म्हणून कोणी व्हिस्कोज गळ्यात मारत असेल, तर एक जुनी युक्ती आहे. एक सुटा धागा काढून मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही टोके ओढायची. व्हिस्कोज नेमके ओल्या जागी तुटते, कारण भिजल्यावर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. कापसाचे उलटे: तो भिजला की अधिक चिवट होतो.

आता त्या कार्बन डायसल्फाइडकडे वळू. हे मज्जातंतूंवर आणि डोक्यावर परिणाम करते, हृदयालाही सोडत नाही. रबर कामगारांना त्यापायी काय भोगावे लागते, ते फ्रान्समधल्या देलपेश या डॉक्टराने १८५६ मध्येच लिहून ठेवले होते. व्हिस्कोजचे इंग्लंडमधले पेटंट १८९२चे. विष आधी ठाऊक होते, धागा मागून आला. कल्याणजवळ मोहने आणि शहाडला रेयॉनचे कारखाने उभे राहिले, त्यांत माणसांच्या पिढ्या राबल्या. पाकिटावर त्यांच्यासाठी जागा नाही.

जमिनीचा हिशेबही कोणी मांडत नाही. आपल्याला जवळचा मोठा लगदा कारखाना तुंगभद्रेकाठी हरिहरला. त्याच्या लाकडासाठी कर्नाटक सरकारने १९८४ मध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि सुमारे ३० हजार हेक्टर गायरान जमीन निलगिरीकडे वळवायचे ठरवले. जिथे गुरे चरायची, सरपण मिळायचे, ती ही जमीन. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला १९८७ मध्ये लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्यांच्या जागी कामाची झाडे लावली. ‘कित्तिको, हच्चिको’, उपटा आणि लावा, हे त्या सत्याग्रहाचे नाव. आज आपल्याकडे सरकारी अनुदानावर बांबू लावा म्हणून सांगतात. लावावा, बांधावर तर जरूर लावावा. पण ‘याचे कापड होते’ असे सांगत कोणी आला, तर लगदा कुठे होणार, पाणी कुठले वापरणार आणि टनाला काय देणार, हे आधी विचारावे. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाळीवर जगणाऱ्या तालुक्याला यातला पाण्याचा प्रश्न समजावून सांगायला नको.

लायोसेल नावाची दुसरी रीत आहे. तिच्यात कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि विरघळवायला वापरलेला द्रव ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळतो. ज्याला खरोखरच निसर्गाची काळजी आहे त्याने पाकिटावर हा शब्द शोधावा. दोन पैसे जास्त पडतील.

अमेरिकेत २०२२ मध्ये रेयॉन ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या दुकानदारांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड बसला. फलटणच्या दुकानदाराला दंड करा असे आम्ही म्हणत नाही. तो बिचारा पाकीट आले तसे विकतो. पाकीट छापणाऱ्याने मात्र ‘व्हिस्कोज, लगदा बांबूचा’ एवढे छापावे, आणि तेही पानाइतक्याच मोठ्या अक्षरांत.