शून्य एरर दिसले, म्हणून आम्ही निवांत झोपलो

यूपीआयने पैसे भरले, खात्यातून गेलेही, पण ॲपवर ऑर्डरच दिसत नाही. तुम्ही कस्टमर केअरला मेसेज टाकता. उत्तर येतं, ‘तुमचा व्यवहार तपासत आहोत.’ म्हणजे नक्की काय तपासतात?

लॉग. तुमच्या ॲपने सर्व्हरकडे काहीही मागितलं की तिथे एक ओळ लिहिली जाते: किती वाजता, कुठून, काय मागितलं आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं. अशा लाखो ओळी गोळा करायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे, खासगी माहिती झाकायची आणि शोधता येईल अशा ठिकाणी साठवायच्या, हे काम लॉग पाइपलाइन करते. लॉगस्टॅश आणि फ्लुएंट बिट ही त्यातली नेहमीची नावं. माझी नोकरी म्हणजे ही पाइपलाइन सांभाळणं.

एप्रिल २०२५ मध्ये लॉगस्टॅशची ९.० आवृत्ती आली आणि जुनाच वाद पुन्हा सुरू झाला: ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’ दोन्ही बाजूंचे चटके मी खाल्ले आहेत, म्हणून हा लेख.

हात लावला नाही तर

डिसेंबर २०२१. मला नोकरी लागून सहाच महिने झाले होते. ‘लॉग४जे’ या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत एक भयंकर भोक सापडलं. त्याला नाव पडलं लॉग४शेल, आणि धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. बाहेरच्या माणसाने पाठवलेला मजकूर लॉगमध्ये लिहिताना ही लायब्ररी त्यात दडवलेली सूचना वाचायची आणि परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायची. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. मूळ सोय २०१३ पासून आत होती.

त्या एका महिन्यात लॉग४जेच्या एकामागोमाग चार दुरुस्त आवृत्त्या आल्या. लॉगस्टॅशही हीच लायब्ररी वापरतं. त्याची दुरुस्ती ७.१६ आणि ६.८ या चालू शाखांसाठी लगेच निघाली. जे या शाखांवर होते त्यांचं काम छोटं होतं. त्याहून जुन्या आवृत्तीवर बसलेल्यांना एक तर घाईत मोठी उडी मारावी लागली, नाहीतर लायब्ररीतला तो भाग हाताने काढावा लागला.

काही जण म्हणाले, ‘आम्ही लॉग४जेच्या पहिल्या पिढीवर होतो, म्हणून वाचलो.’ या भोकापुरतं ते खरंही होतं. पण त्या पिढीची देखभाल २०१५ मध्येच थांबली होती. त्यात दुसरं भोक निघालं तर दुरुस्ती कोण देणार?

आणि हात लावला तर

२०२३ मधला एक शुक्रवार. आम्ही लॉगस्टॅश ७ वरून ८ वर नेलं. कुठेही लाल अक्षरं नाहीत. डॅशबोर्डवर एररचा आलेख थेट शून्यावर. आम्ही खूश होऊन झोपायला गेलो.

शनिवारी सकाळी सपोर्टच्या ताईंचा फोन: ‘पेमेंट अडकल्याच्या तक्रारी रात्रभर येतायत, तुमच्याकडे अलर्ट आला नाही का?’

नव्हता आला. कारण ८ व्या आवृत्तीत फील्डची नावं एका ठरावीक पद्धतीने देणं हे डिफॉल्ट झालं होतं. पूर्वी सर्व्हरचं उत्तर ‘रिस्पॉन्स’ नावाच्या फील्डमध्ये यायचं, आता ते ‘एचटीटीपी’च्या आत ‘रिस्पॉन्स’, त्याच्या आत ‘स्टेटस कोड’ असं येत होतं. आमचा अलर्ट जुन्याच नावाखाली एरर मोजत होता. त्या नावाचं काही उरलंच नव्हतं, म्हणून उत्तर शून्य.

पण खरा घाम फुटला तो पुढे. मोबाइल नंबर झाकणारा आमचा फिल्टर ‘रिक्वेस्ट’ या फील्डवर चालायचा. तेही नाव बदललं होतं. फील्ड सापडलं नाही की हा फिल्टर तक्रार करत नाही, गप्प पुढे जातो. रात्रभर ग्राहकांचे नंबर उघडे साठवले गेले होते. ते पुसण्यात आमचा शनिवार-रविवार गेला.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की ‘हे डिफॉल्ट पुढे बदलू शकतं’ असा इशारा ७ वी आवृत्ती स्वतःच्याच लॉगमध्ये देत होती. लॉग सांभाळणाऱ्या आम्ही तोच लॉग वाचला नव्हता. जुनी नावं कायम ठेवणारी एका ओळीची सेटिंगही होती.

हे तुमच्यापर्यंत कसं पोचतं?

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने सगळ्या, म्हणजे सुमारे ३३ कोटी, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण एका बगमुळे पासवर्ड न झाकता अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. पासवर्ड उघडे साठवल्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मेटाला ९.१ कोटी युरोंचा दंड केला.

आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आता बघा, पाइपलाइन मुकी झाली असेल तर घटना लक्षात येणार कशी? आणि झाकणारा फिल्टर बंद पडला असेल तर तुमचा नंबर महिनोन्‌महिने तिथे उघडा पडून राहणार.

आता आम्ही काय करतो

जुनी आणि नवी पाइपलाइन दोन दिवस शेजारी-शेजारी चालवतो. त्याच ओळी दोन्हींतून सोडायच्या आणि निकाल ताडून बघायचा.

दर तासाला एक खोटी एरर मुद्दाम पाठवतो. ती दिसली नाही तर अलर्ट वाजतो. म्हणजे शून्यावर आंधळा विश्वास नाही.

प्रत्येक चाचणीत एक खोटा मोबाइल नंबर घालतो. तो शेवटी जसाच्या तसा सापडला तर अपग्रेड तिथेच थांबतं.

आणि दर तीन महिन्यांनी छोटी उडी. दोन वर्षांचे बदल एका शुक्रवारी अंगावर घेण्यापेक्षा हे परवडतं. मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी जुन्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर थांबून तिचे सगळे इशारे वाचतो.

शुक्रवारी मात्र आता काहीच अपग्रेड करत नाही. मंगळवारी सकाळी करतो, सगळे जागे असताना.