वीस पटाची शाळा आणि समितीतील रिकामी खुर्ची

आमच्या विद्यालयात पाचवीला प्रवेश घेणारी बहुसंख्य मुले वाड्या-वस्त्यांवरील, तांड्यांवरील आणि पाड्यांवरील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून येतात. या स्मरणिकेत विद्यालयाच्या निकालांचा, वसतिगृहाचा आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांचा गौरव होईल, आणि तो व्हावयास हवाच. परंतु ज्या दोन खोल्यांच्या शाळांत या मुलांनी पहिले अक्षर गिरवले, त्या शाळांचा उल्लेख अशा अंकांतून क्वचितच येतो. आज त्या शाळांच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा असल्याने आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

२०१७ मध्ये राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे आली. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा उभारावी, आणि त्यासाठी नंदुरबारमधील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचा आदर्श घ्यावा, असे सांगण्यात आले. अशा लहान शाळांची संख्या तेव्हा १४ हजारांहून अधिक होती व त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. हा आकडा पाहिला की हिशेबी मनाला शाळा बंद करणे सयुक्तिक वाटू लागते. त्या बारा मुलांत ऊसतोड कामगारांची मुले किती, मेंढपाळांची किती, ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जाऊ न शकणाऱ्या सहा वर्षांच्या मुली किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

लहान शाळेचे दोष आम्ही नाकारीत नाही. चार इयत्ता आणि दोन शिक्षक, त्यांतील एक प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किंवा तालुक्याला माहिती पोहोचवायला गेलेला. उरलेला एक शिक्षक एका फळ्याचे चार भाग करून शिकवतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला बैलगाड्या निघाल्या की निम्मा वर्ग रिकामा होतो. ज्यांना परवडते ते पालक मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसवतात. त्यांत आमचे नोकरदार बांधवही आले, आणि जिल्हा परिषदेचे काही शिक्षकही आले. मग गावच्या शाळेत उरतात ती ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांची मुले. पट असा घटत जातो, आणि पट घटला म्हणून शाळा निरुपयोगी ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही २०१६-१७ सालच्या देशातील १,०८,०१७ एकशिक्षकी शाळांची नोंद आहे. एका शिक्षकाच्या हाती शाळा सोपवायची आणि मग तिच्या गुणवत्तेवर बोट ठेवायचे, हा न्याय आम्हास पटत नाही.

मात्र येथे आमच्यासमोर एक अवघड प्रश्न उभा राहतो. गावची शाळा गावाच्या ताब्यात असावी, असे आज सर्वजण म्हणतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मत मात्र एकेकाळी याच्या विरुद्ध होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांच्या हाती जाऊ लागले होते. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला सादर केलेल्या शैक्षणिक निवेदनात बाबासाहेबांनी हे हस्तांतरण थांबवण्याची मागणी केली. त्यामागे इतिहासाचा अनुभव होता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा सरकारी शाळेची ही कथा. मग गावच्या सत्ताधाऱ्यांच्या मंडळाकडून काय अपेक्षा करावी? त्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, तपासणी पूर्वसूचना न देताही व्हावी, आणि जिल्ह्यातील वा गावातील अधिकाऱ्यांवर विसंबू नये, कारण त्यांना शाळेकडे पाहायला सवड नसते व त्यांची तपासणी वरवरची असते, असे त्यांचे म्हणणे होते. तालुक्याच्या शिक्षण विभागात ज्यांची उठबस आहे त्यांना हे वाक्य कालचेच वाटेल.

मग आम्ही, त्यांचेच वारसदार म्हणवणारे, आज स्थानिक व्यवस्थापनाचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा? आमच्या मते उत्तर त्या निवेदनातच आहे. बाबासाहेबांचा विरोध स्थानिकतेला नव्हता. ज्या मंडळात आपला माणूस नाही, किंवा असूनही त्याच्या शब्दाला वजन नाही, अशा मंडळाच्या दयेवर आपल्या मुलांचे शिक्षण सोडण्याला तो विरोध होता. त्याच निवेदनात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाची काटेकोर अंमलबजावणीही मागितली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. वरून सत्ता न्यायी असेल तर एवढे होऊ शकते. ती नेहमीच न्यायी असेल याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही, म्हणून खालच्या पातळीवर कायदेशीर जागा हवी.

ती जागा आता आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, हे तिचे अधिकार आहेत. १९२८ मध्ये जे मागून मिळाले नसते ते येथे कायद्याने लिहिले गेले आहे.

या समितीचे महत्त्व गेल्या काही वर्षांत अधिकच वाढले. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक राहिले. या काळात निवडून आलेली शिक्षण समितीच नव्हती. शिक्षक का बदलला, दुसरा शिक्षक का आला नाही, छत का गळते, हे विचारायला जिल्ह्यात लोकांचा प्रतिनिधी उरला नाही. केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त. अशा वेळी पालक ज्या एकमेव वैधानिक मंडळात बसतात ते म्हणजे ही शाळा व्यवस्थापन समिती.

आणि त्या समितीत काय चालते? बहुतेक गावांत सभा वहीतच भरते. मुख्याध्यापक इतिवृत्त लिहितात आणि वही घरोघरी फिरते. आमच्या वस्तीतील महिला सदस्य शेतमजुरीवरून परतल्यावर उंबऱ्यात उभ्या राहून सही करतात किंवा अंगठा उठवतात. कायद्याने त्यांना दिलेली खुर्ची सभेच्या दिवशी रिकामीच असते. यात सगळा दोष मुख्याध्यापकांचा नाही. दिवसाची मजुरी बुडवून सभेला कोण येणार? सायंकाळी सभा घ्या, असे कुणी सुचवले तर ती घेणारे शिक्षकही आम्ही पाहिले आहेत.

कारभाराइतकाच कामगिरीचा प्रश्न महत्त्वाचा. आपल्याकडे शाळेची कामगिरी रंगरंगोटीवर, लोकसहभागातून आलेल्या टीव्ही संचावर आणि पटावर मोजली जाते. पट मोजण्यात तर शासन वाकबगार आहे: ऑक्टोबर २०११ च्या तीन दिवसांच्या पटपडताळणीत राज्यभरात लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. जे मूल नाही ते शोधण्यासाठी सारी यंत्रणा राबली. जे मूल वर्गात बसले आहे त्याला वाचता येते का, हे पाहण्यासाठी तेवढा उत्साह कधी दिसला नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात व उरलेली पुन्हा निरक्षरतेत जातात. आज शंभरातली जवळपास सर्व मुले चौथीपर्यंत पोहोचतात. मात्र २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशभरातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आहेत. पूर्वी मूल शाळेबाहेर राहून निरक्षर होत असे. आता ते वर्गात बसून मागे पडते, आणि हजेरीपटावर त्याची नोंद ‘उपस्थित’ अशी होते. आमच्याकडे पाचवीत आलेल्या काही मुलांना पहिले सहा महिने आम्ही केवळ वाचायला शिकवतो. निवासी विद्यालय म्हणून ते आम्हास शक्य होते. ज्यांना निवासी विद्यालय मिळाले नाही त्यांचे काय होते, ते सांगावयास नको.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. गावच्या शाळा बंद झाल्या तर आमच्यासारख्या संस्थांकडे प्रवेशाची गर्दी वाढेल. संस्थेच्या दृष्टीने तो लाभच. तरीही आम्ही त्याचे स्वागत करू शकत नाही. दहा-अकरा वर्षांचे मूल वसतिगृहात रुळते, मोठ्या ग्रंथालयाचा आणि सोबत्यांचा लाभ घेते. सहा वर्षांच्या मुलाला आई आणि शाळा एकाच वाडीत लागतात. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले ते याचसाठी. समूह शाळेची बस पहिल्या वर्षी वेळेवर येईल. तिसऱ्या वर्षी डिझेलचे देयक थकले की कुणाच्या मुली घरी बसतील, हे आम्हास अनुभवाने ठाऊक आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे आमची मागणी देणगीची नाही. आपल्यापैकी अनेकजण शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँक कर्मचारी, वकील आहेत. ज्यांची मुले गावच्या शाळेत आहेत त्यांनी समितीच्या पुनर्रचनेच्या पालकसभेला जातीने हजर राहावे. जे शहरात आहेत त्यांनी गावातील आपल्या भावजयीला, चुलतभावाला फोन करून सभेची तारीख विचारावी. सभेत विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष किती? गेल्या महिन्यात शिक्षक किती दिवस शाळेबाहेरच्या कामावर होते? अनुदान किती आले, कशावर खर्च झाले? आणि तिसरीच्या किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते? शेवटच्या प्रश्नासाठी अहवालाची गरज नाही. पुस्तक उघडून मुलांना वाचावयास सांगितले की सभेतच उत्तर मिळते. शाळा एकत्रीकरणाचा विषय निघाल्यास समितीचा लेखी ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून त्याची पोच घ्यावी.

यंदापासून पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही पालकांना विचारू लागलो आहोत की त्यांच्या गावच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे. बहुतेकांना सांगता येत नाही. एका मातेने मात्र थोडे थांबून सांगितले की तिचे स्वतःचेच नाव त्या यादीत होते. ते तिला सही करताना कळले होते.