चांदीची अर्धवट मात्रा

अंगावरची कातडी जळून गेलेल्या माणसाला पुढचे कित्येक आठवडे जिवाणूंचे भय असते. १९६५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात कार्ल मॉयर या शल्यविशारदाने अशा रुग्णांच्या पट्ट्या अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजत्या ठेवण्याची पद्धत मांडली. तीन वर्षांनी चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणले. ते पांढरे मलम आपल्याकडच्या जळीत कक्षांतही आता नेहमीचे आहे. या दोन उपायांनी कितीतरी माणसे वाचली. मग १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची नोंद आली. तिथल्या जळीत कक्षात साल्मोनेला या जिवाणूचा एक वाण सापडला होता आणि सिल्व्हर नायट्रेटचा त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता. रुग्ण दगावले, कक्ष बंद करावा लागला. मॉयर यांची पद्धत येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

पिण्याच्या पाण्यावर लिहिताना जळीत कक्षापासून सुरुवात केली, कारण त्या साल्मोनेलाची पुढची तपासणी आजच्या पाण्याच्या प्रश्नाला थेट भिडते. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात सायमन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याच्या प्रतिरोधाचे मूळ शोधून काढले. चांदीशी झुंजणाऱ्या जनुकांचा एक अख्खा समूह एका प्लाझ्मिडवर बसला होता. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचे, एका पेशीतून दुसरीत सहज जाणारे डीएनएचे कडे. त्यावरच्या एका जनुकातून तयार होणारे प्रथिन चांदीला पेशीच्या उंबऱ्यावरच पकडून ठेवते. उरलेली चांदी बाहेर फेकायला पंप असतात. पण मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच प्लाझ्मिडवर अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांच्या प्रतिरोधाची जनुकेही होती, पाऱ्याच्या प्रतिरोधाचीही होती. यांपैकी कोणत्याही एकाचा मारा झाला, तरी टिकतो तो हा सगळा संच. म्हणजे चांदीच्या सहवासात जगलेला जिवाणू प्रतिजैविकाची एक गोळीही न पाहता प्रतिजैविकांना दाद न देणारा निघू शकतो.

जळीत कक्षातली चांदी तिथल्या रुग्णांपुरती होती. आज ती पाण्याच्या फिल्टरमधून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली आहे.

तशी चांदी आणि पाणी यांची जोडी फार जुनी. इराणचा सम्राट सायरस मोहिमेवर निघाला की खोआस्पिस नदीचे पाणी चांदीच्या भांड्यांतून सोबत नेई, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. चांदीचे गोडवे गाणारे लोक हा दाखला नेहमी देतात. मात्र ते पाणी आधी उकळलेले असे, हेही हिरोडोटसनेच लिहिले आहे आणि ते सांगायचे राहून जाते. एकोणिसाव्या शतकात स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांना दिसले की धातूचा अगदी नगण्य अंश पाण्यात उतरला तरी स्पायरोगायरा हे शेवाळ मरते. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९३ साली, ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. आपल्या घरांतल्या तांब्याच्या कळशीमागचे शास्त्रही हेच. १९८१ साली ग्वाटेमालात फर्नांडो मझारिएगोस यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्याला कलिल चांदीचा लेप देऊन गरिबांसाठी फिल्टर बनवला. मध्य अमेरिकेतून तो आफ्रिका आणि आशियातही गेला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रशियन भागातले पिण्याचे पाणीही चांदीच्या आयनांनीच राखले जाते.

या इतिहासात पुण्याचे नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. टाटांच्या हडपसरमधल्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून गाळणी बनवण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते. त्यातून ‘सुजल’ हा साधा फिल्टर निघाला आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तो मदतकार्यात वापरला गेला. पुढे त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. किंमत हजाराच्या आत, वीज नको, नळाचा दाब नको. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ साली आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या मिश्रणातून पाण्यात चांदीचे आयन सतत, अगदी मोजून, अब्जात सुमारे ५० भाग एवढेच सुटत राहतात. एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च अडीच डॉलर, असा त्यांचा हिशेब होता. ज्या घरात आरओ मशीन येणे शक्य नाही, त्या घरातल्या मुलाची हगवण थांबवू पाहणारे हे संशोधन आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दहा नॅनोमीटरचे दोनशे कण ओळीने मांडले तर ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीची लांबी भरते. कण इतका बारीक केला की त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो आणि त्यावरून चांदीचे आयन सुटत राहतात. खरा मारा या आयनांचाच असतो. राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ऑक्सिजन पूर्ण वगळून प्रयोग केले, म्हणजे आयन तयारच होऊ दिले नाहीत, तेव्हा जिवाणूंना त्या कणांची बाधा झाली नाही. तेव्हा नॅनो या शब्दाने भारावून न जाता विचारायचा प्रश्न एवढाच की पाण्यात मोकळी चांदी किती आहे आणि ती जिवाणू मारायला पुरेशी आहे का.

आणि इथेच घोडे अडते. प्रयोगशाळेत ही मात्रा ठरवलेली असते, गावात ती पाणी ठरवते. क्लोराइड भेटले की चांदी त्याला चिकटते आणि तिचा जोर ओसरतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्याला खारपाण पट्टा म्हणतात. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारटच निघते. त्या पाण्यात चांदी तितक्याच ताकदीने काम करील असे गृहीत धरता येत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातला सेंद्रिय गाळही चांदी गिळतो. पैसे वाचवायला फिल्टरचे काडतूस मुदतीनंतरही सहा महिने चालवले जाते आणि त्याच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. त्या थरातल्या जिवाणूंना मारण्याइतकी चांदी मिळत नाही, फक्त सरावण्याइतकी मिळते. पेनिसिलिनबद्दल अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात नेमका हाच इशारा दिला होता: अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, ते औषधाला तोंड द्यायला शिकतात.

चांदीच्या बाबतीत हे शिक्षण कसे होते, ते आता डोळ्यांनी पाहता येते. अमेरिकेत जोसेफ ग्रेव्हज यांच्या गटाने ई. कोलायला २२५ पिढ्या चांदीच्या नॅनोकणांत वाढवले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. त्या जिवाणूंमध्ये मोजकेच जनुकबदल झाले होते. त्यांतला एक होता तांबे आणि चांदी बाहेर फेकणाऱ्या पंपावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकात. जिवाणूंच्या कालगणनेत २२५ पिढ्या म्हणजे फार मोठा काळ नव्हे.

चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथल्या शास्त्रज्ञांना २०१८ साली त्याहून अनपेक्षित प्रकार आढळला. कमी मात्रेचा मारा वारंवार सोसल्यावर ई. कोलाय आणि स्यूडोमोनास या जिवाणूंनी फ्लॅजेलिन हे आपल्या शेपटीचे प्रथिन जास्त तयार करून बाहेर सोडायला सुरुवात केली. त्या प्रथिनात नॅनोकण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या आणि गुठळी झालेला कण निकामी ठरला. यासाठी जनुकांत काही बदल व्हावा लागला नव्हता. फ्लॅजेलिन दाबून टाकण्यासाठी शास्त्रज्ञांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरला आणि कणांचा गुण परत आला. सोलापूर-सांगोल्यातल्या बागायतदारांना हे वाचून बरे वाटेल, पण त्यात सध्या तरी घरगुती उपाय शोधू नये.

याहून काळजीची गोष्ट जनुकांच्या देवाणघेवाणीची. पाण्यात नॅनो-ॲल्युमिना असेल तर ई. कोलायकडून साल्मोनेलाकडे जाणाऱ्या प्रतिरोधी प्लाझ्मिडांचे प्रमाण दोनशे पटींपर्यंत वाढते, हे चिनी संशोधकांनी २०१२ साली दाखवले. चांदीचे आयन आणि चांदीचे कण, दोन्ही हेच करतात असे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने २०२० साली दाखवून दिले. ज्या देशाच्या पाण्यात अशी जनुके नाहीत, त्याला हा धोका लांबचा वाटेल. आपल्याला तसे म्हणता येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत एनडीएम-१ हे जनुक सापडले होते. शेवटच्या फळीतली प्रतिजैविके निष्प्रभ करणारे हे जनुक. तेव्हा आपल्या फिल्टरमध्ये शिरणारे जिवाणू कोरी पाटी घेऊन येतात असे नव्हे.

प्रयोगशाळेतला प्रतिरोध म्हणजे गावातली साथ नव्हे, हे मला मान्य आहे. आज गढूळ पाणी पिणाऱ्या मुलाला उद्याच्या प्रतिरोधाची भीती घालून फिल्टर नाकारणे क्रूरपणाचे होईल. मागणी बंदीची नाही. चांदीला आपण भांड्याच्या धातूसारखे वागवतो, तिला औषधासारखे वागवावे, ही मागणी आहे.

आपली मानके मात्र अजून भांड्यांच्याच काळात आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यातील चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. आयुष्यभरात दहा ग्रॅम चांदी पोटात गेली तरी अपाय दिसत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. दोन्हींमागे भीती एकच, अति चांदीने माणसाची त्वचा निळसर-करडी पडण्याची. चांदी जास्त झाली तर माणसाला काय होईल, हे विचारले गेले. कमी पडली तर जिवाणू काय शिकतील, हे कुणी विचारले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली पर्यायी निर्जंतुकांचा आढावा घेतला, तेव्हा पाणी शुद्ध करण्याचे मुख्य साधन म्हणून चांदीवर विसंबण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. नॅनो-चांदीचा फिल्टर प्रमाणित करताना नव्या काडतुसाबरोबर मुदत संपत आलेलेही तपासावे, गोड्या पाण्याबरोबर खारपाण पट्ट्यातलेही पाणी त्यातून गाळावे आणि आत वाढलेल्या जिवाणूंमध्ये चांदी-प्रतिरोधाची जनुके शोधावीत. ठरावीक लिटरांनंतर पाणी आपोआप बंद करण्याची सोय ‘स्वच्छ’मध्ये पहिल्यापासून होती. ती प्रत्येक कंपनीवर बंधनकारक करायला काहीच हरकत नाही.

पाण्यासाठी एरवी वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनलाही मर्यादा आहेत, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जीव त्याला जुमानत नाहीत. पण क्लोरीनभोवती आपल्या ग्रामपंचायतींनी एक शिस्त उभी केली आहे. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकतो, मग शेवटच्या नळाचे पाणी घेऊन ओटी टेस्ट करतो. रंग पिवळा आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर मात्रा कमी पडली. काही थेंबांत, गावातच, कुणाच्याही डोळ्यांदेखत ते कळते. चांदीसाठी अशी चाचणी जलसुरक्षकाच्या पिशवीत नाही, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो आणि तो कोणी पाठवत नाही. ज्यांनी दहा नॅनोमीटरचा कण राखेवर बसवून दाखवला, त्यांना थेंबांची एक चाचणी जमणार नाही असे मी मानत नाही. आश्रमशाळा आणि अंगणवाड्यांसाठी सरकारी पैशाने हे फिल्टर घेण्याआधी खरेदीच्या अटींतच ती मागावी आणि ती हाती येईपर्यंत त्या शाळांच्या टाक्यांत क्लोरीन चालू ठेवावे.