धुक्यातील काच आणि चालकाचा डावा हात

मार्गशीर्ष-पौषात धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत पावसाळ्याचे पाणी अजून शिल्लक असते, आणि रात्री आकाश निरभ्र राहिल्यामुळे जमीन झपाट्याने निवत जाते. अशा वेळी पहाटे गोंदिया तालुक्यावर जे धुके उतरते, ते बिरसीच्या विमानतळावर आणि त्याच्या कुंपणाबाहेरील रस्त्यावर सारखेच उतरते. इंग्रजी अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने, 1940 साली येथे धावपट्टी तयार झाली. आज तिच्यावरून प्रवासी विमाने जातात आणि नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी उड्डाणाचे धडे घेतात. त्या विद्यार्थ्यांना दृश्यमानता 5 किलोमीटरांहून कमी असताना केवळ नजरेच्या भरवशावर उड्डाण करण्याची मुभा नाही. धुके विरेपर्यंत उड्डाण तहकूब राहते, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. परंतु त्याच वेळी, त्याच धुक्यात, कुंपणाच्या अलीकडून गोंदियाकडे किंवा कामठ्याकडे जाणाऱ्या मोटारीवर असा कोणताही निर्बंध नाही. तेथे निर्णय सर्वस्वी चालकाचा. आणि त्या चालकाला शिकविण्याची जबाबदारी या मासिकाच्या वाचकांची, म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधील प्रशिक्षकांची आहे.

बाहेरचे धुके कोणाच्याही हातात नाही. समोरच्या काचेच्या आतल्या अंगावर जी वाफ धरते, ती मात्र संपूर्णपणे चालकाच्या हातात असते, आणि तिच्याविषयीचे अज्ञान आमच्या व्यवसायात किती खोल रुजले आहे हे पाहून आम्हांला मनापासून खेद होतो. दृश्य नेहमीचे आहे. गाडीत चार-पाच माणसे शाली-मफलर गुंडाळून बसलेली, काचा घट्ट लावलेल्या, ब्लोअर बंद. चालक डॅशबोर्डावर ठेवलेला फडका डाव्या हातात घेतो, पुढे वाकून आपल्या तोंडासमोरचा वीतभर भाग पुसतो, आणि ते पुसलेले वर्तुळ पुन्हा पांढरे होईपर्यंत त्याच्यातून रस्ता पाहत राहतो. पुसण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पंचवीस-तीस मीटर पुढे गेलेली असते. आणि फडक्याचा ओशटपणा काचेवर राहिल्यामुळे समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा तिच्यावर फाकतो, तो निराळाच. हा सारा खटाटोप ज्या कळांनी मिनिटभरात अनावश्यक ठरला असता, त्या कळा त्याच्या डाव्या हाताशी असतात.

काचेवर वाफ का धरते, याचे उत्तर विमानतळावरील हवामानाच्या नोंदीत रोज दिलेले असते. तेथे हवेचे तापमान आणि दवबिंदू हे दोन आकडे शेजारी-शेजारी देतात; ते एकमेकांच्या जवळ आले की धुक्याची शक्यता वाढली, असे वैमानिक समजतो. गाडीतील काचेलाही हाच न्याय लागू आहे. 10 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 9.4 ग्रॅम बाष्प मावते, 20 अंशांच्या हवेत 17.3 ग्रॅम, आणि 25 अंशांच्या हवेत 23 ग्रॅम. आता लहान मोटारीतील पोकळी सुमारे 3 घनमीटर धरा. स्वस्थ बसलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण 40 ते 50 ग्रॅम पाणी बाहेर टाकतो, म्हणजे चार माणसांचे मिळून मिनिटाला 3 ग्रॅम झाले. बाहेर 10 अंशांचे धुके असेल आणि आतली हवा 20 अंशांपर्यंत तापली, तरी आठ-दहा मिनिटांत ती हवा बाष्पाने संपृक्त होते. आणि काच बाहेरच्या थंडीने गारठलेली असल्यामुळे तिच्यावर पाणी त्याच्या कितीतरी आधी धरू लागते. काच पुसून हे पाणी संपत नाही, कारण ते निर्माण करणारी माणसे गाडीतच बसलेली असतात.

यावर इलाज असा, की दमट हवा बाहेर जाऊ द्यावी, कोरडी हवा आत घ्यावी, आणि काच तापवावी. धुक्याची ओली हवा आत घेतली तर ओल वाढणार नाही काय, अशी शंका अनेक जुने-जाणते चालक काढतात, आणि वरवर पाहता ती रास्तही वाटते. परंतु धुक्याची 10 अंशांची संपृक्त हवा हीटरच्या जाळीवरून जाऊन 25 अंशांची झाली, की तिच्यात बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता 41 टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या हवेला आपण ओली म्हणून बाहेर कोंडतो, तीच तापविल्यावर काचेवरील पाणी टिपून घेते. म्हणून थंडीत पहिली कळ ती हवा फिरविण्याची: गाडीच्या आकृतीत गोल वळलेला बाण दाखविणारे, आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरविणारे बटण बंद असले पाहिजे. दुसरी कळ दिशेची: वक्र काच आणि तिच्यावर चढणारे तीन नागमोडी बाण या चिन्हावर ती ठेवावी. तिसरी तापमानाची, ती लाल बाजूला. आणि चौथी ब्लोअरची, ती आरंभी पूर्ण वेगावर. मागच्या काचेचे चिन्ह चौकोनी असते. तिच्यावरील बारीक तारांतून वीज जाऊन काच तापते, आणि म्हणूनच ती काच पात्याने खरवडू नये, तारांच्या दिशेनेच पुसावी.

आणि एसी? थंडीत एसी कशाला, हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे. 1902 साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिच्यापुढचा प्रश्न कामगारांच्या उकाड्याचा नव्हता. हवेतील ओलीने कागद फुगत व आकसत असे, त्यामुळे एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत, आणि ती ओल आवाक्यात ठेवावयाची होती. वातानुकूलनाचा जन्म असा हवा कोरडी करण्यासाठी झाला. मोटारीत ते आणले पॅकार्ड कंपनीने, आपल्या 1940 च्या गाड्यांत. त्या यंत्रणेला वेगळा क्लच नसल्यामुळे कॉम्प्रेसर थांबवावयाचा तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, पट्टा काढून ठेवावा लागे. आजच्या चालकाला तेच काम एका बोटाने करता येते, आणि बहुधा म्हणूनच त्याला त्या कळेची किंमत कळत नाही. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवा 5 अंशांच्या आसपास थंड झाली, की तिच्यात घनमीटरला 6.8 ग्रॅमच बाष्प उरते, बाकीचे पाणी होऊन नळीवाटे गाडीखाली टपकते. तीच हवा पुढे हीटरवर 25 अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता 30 टक्क्यांवर येते. थंडीत एसी आणि हीटर एकत्र चालविणे हा उधळेपणा नव्हे. काच कोरडी करण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. इंजिन गार असताना, विशेषतः डिझेल गाडीत, हीटर पहिली काही मिनिटे थंडच हवा देतो; त्या अवधीत काच स्वच्छ ठेवण्याचे काम एकटा एसीच करीत असतो. पारा गोठणबिंदूच्या जवळ गेला की अनेक गाड्यांतील कॉम्प्रेसर आपोआप बंद राहतो हे खरे. परंतु आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पारा सहसा त्या मर्यादेच्या वरच असतो. काचेवर खरोखरीचे हिम धरण्याचा प्रश्न लडाखला जाणाऱ्यांचा, किंवा एखाद्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी मुक्काम करणाऱ्यांचा. त्यांना एवढेच सांगावयाचे, की गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये, ती तडकते.

काचेचे चिन्ह निवडताच बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्रेसर आपण होऊन सुरू होतो. हे पाहून चालक इंधन वाचविण्याच्या हेतूने तो तत्काळ बंद करतो, आणि येथे एक गोष्ट घडते, जिचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. कॉइलवर साचलेले पाणी अजून ओले असते. कॉम्प्रेसर थांबला की ते पुन्हा वाफ होऊन हवेत शिरते, आणि जी काच आत्ताच निर्मळ झाली होती ती डोळ्यांदेखत पांढरी होते. वळणावर असे झाले तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गॅस कमी झाला असावा असे समजून याच तक्रारीसाठी गाडी मेकॅनिककडे नेली जाते, आणि जाणता मेकॅनिक असेल तर तो गॅस भरण्याऐवजी केबिन फिल्टर काढून पाहतो. धानाच्या तुसाने आणि रस्त्याच्या धुळीने तो भरून गेला असेल तर ब्लोअर कितीही फिरविला तरी काचेपर्यंत पुरेशी हवा पोहोचत नाही. राइस मिलांच्या या जिल्ह्यात कंपनीने सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता तो फिल्टर वरचेवर पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात प्रकरण उलटते. श्रावणात बाहेरची हवा 25 अंशांची आणि जवळजवळ संपृक्त असते. एसीचा गार झोत काचेवर सोडला, की थंड पाण्याच्या तांब्याप्रमाणे काचेला बाहेरून घाम फुटतो. चालक आतून पुसत राहतो आणि काच काही स्वच्छ होत नाही. म्हणून वाफ दिसताच प्रथम बोट लावून ती आत आहे की बाहेर हे ठरवावे. बाहेर असेल तर वायपर एकदा फिरवावा, झोत काचेवरून काढून तोंडाकडे वळवावा, तापमान थोडे चढवावे. एसी मात्र चालूच ठेवावा, कारण आतली ओल तोच काढत असतो. हे तारतम्य एकदा अंगवळणी पडले, की धुके आणि पाऊस या दोहोंत हात आपोआप योग्य कळेवर जातो.

आतली हवा कोंडून घेण्याचा आणखी एक दोष आहे, आणि तो काचेवर दिसत नाही. भरलेल्या गाडीत गोल बाणाचे बटण दाबून ठेवले, तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोके जड होते, चालक पेंगतो. लांबच्या रात्रीच्या प्रवासात ते बटण धूळ, धूर किंवा पुढच्या गाडीचा काळा भपका यांपुरतेच वापरावे. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपण्याची सवय तर प्राणघातक आहे. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हा विषय आजच घेण्याचे कारण ट्रकचे आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून उत्पादित होणाऱ्या एन-2 आणि एन-3 वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण (भारासहित) वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. धान-तांदळाची पोती घेऊन रात्रभर चालणाऱ्या माणसाला हा न्याय फार उशिरा मिळाला. परंतु ज्याने उभ्या आयुष्यात खिडकी उघडी ठेवूनच ट्रक हाकला, त्याची काच वाऱ्यानेच कोरडी राहत असे. बंद केबिनमध्ये बसल्यावर ती ओल प्रथमच त्याच्या वाट्याला येणार आहे, आणि या कळा त्याला कोणी शिकविलेल्या नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 31 ने प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आखून दिला आहे. त्यात स्टिअरिंग, हॅन्डब्रेक, हॉर्न, दिवे, वायपर यांचा उल्लेख आहे. त्यापलीकडे शिकविण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि सुधारणेचे फर्मान वरून येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आमची सूचना अगदी सोपी आहे. डिसेंबरातील एखाद्या सकाळी चार विद्यार्थ्यांना उभ्या, सुरू गाडीत मोकळ्या जागी बसवावे, गोल बाणाचे बटण दाबून ब्लोअर हळू ठेवावा आणि समोरच्या काचेच्या खालच्या कडेकडे पाहावयास सांगावे. तेथून वाफ वर चढू लागली, की एकेका विद्यार्थ्याने एकच कळ बदलावी, आणि तिचा परिणाम किती वेळात दिसतो हे घड्याळावर पाहून वहीत लिहावे. बटण बंद केल्याने किती फरक पडला, एसीने किती, हीटरने किती, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्यावे. शेवटी डोळे मिटून, केवळ स्पर्शाने, चारही कळा योग्य क्रमाने लावता येईपर्यंत हा सराव चालू ठेवावा, आणि ज्याला तो जमत नाही त्याला धुक्याच्या दिवसांत रस्त्यावर नेऊ नये.