चांदोबाचे लपलेले रंग

आमच्या नारपोलीत गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत. मागावरून उतरलेले कोऱ्या कापडाचे दोन ताके ट्यूबलाइटखाली अगदी सारखे दिसतात. तेच उन्हात आणले, तर कधी एक जरा पिवळट वाटतो, दुसरा पांढरा. फरक सुतात आधीपासूनच असतो, उजेड तो दाखवून देतो.

चांदोबाचंही असंच आहे बरं का! आपल्याला तो पांढरा-राखाडी दिसतो. पण 'गॅलिलिओ' हे यान गुरूकडे जाता जाता चंद्राजवळून गेलं, तेव्हा ७ डिसेंबर १९९२ रोजी त्यानं तीन निरनिराळ्या फिल्टरमधून चंद्राचे फोटो घेतले. लाल काचेतून लाल वस्तू उजळ दिसते आणि निळी काळपट. तसाच प्रत्येक फिल्टरमधून चंद्राचा दगड थोडा वेगळा दिसला. शास्त्रज्ञांनी ५३ फोटो जोडले, त्यांतला बारीकसा फरक संगणकावर वाढवला, आणि काय आश्चर्य! चंद्र रंगीत झाला. डोंगराळ भाग गुलाबी, लाव्हारसाची मैदानं कुठे निळी, कुठे नारिंगी.

वर्गात मुलं लगेच म्हणतात, "बाई, म्हणजे हे रंग खोटेच की!" रंग गडद केलेले आहेत हे खरं, पण दगडांतला फरक खरा आहे. निळं म्हणजे टायटॅनियम हा धातू जास्त. हे कशावरून? 'अपोलो ११'चे अंतराळवीर १९६९ साली शांतीसागर नावाच्या मैदानात उतरले होते. तिथून आणलेल्या दगडांत टायटॅनियम भरपूर सापडलं, आणि गॅलिलिओच्या चित्रात तोच भाग निळा आहे! हातातल्या दगडाशी ताडून पाहिलं, म्हणून रंगांचा अर्थ कळला.

गंमत म्हणजे ही मैदानं बसाल्टची आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही बसाल्टच! फक्त आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर शांतीसागरातला साडेतीनशे कोटींहून जुना.

२०२३ साली आपल्या चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' गाडीनं तर दक्षिण ध्रुवाकडच्या भागात जमिनीवर लेसर मारून तिथंच तपासणी केली. गंधक सापडलं, टायटॅनियमही.

आता तुम्ही एक करा. पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं एक शब्द लिहा, निळ्या पेन्सिलीनं दुसरा. लाल जिलेटीन कागदातून दोन्ही बघा. कोणता शब्द पुसट झाला? का झाला, ते आईबाबांना समजावून सांगा पाहू!