साखर : वाटीतली आणि वाटीबाहेरची

रमजान सुरू झाला की किराण्याच्या यादीत साखरेचा आकडा वाढतो. इफ्तारचे सरबत, फिरनी, शाही तुकडा आणि शेवटी ईदच्या सकाळचा शीरखुर्मा. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी गुढीपाडवा आणि ईद एक-दोन दिवसांच्या अंतराने आले. एकाच गल्लीत एका दारात गुढीला साखरेची गाठी लटकत होती आणि शेजारच्या घरात शेवया भाजल्या जात होत्या. सण कोणाचाही असो, आनंद वाटायचा तर साखर हवीच, हे या गावांनी कधीच ठरवून टाकले आहे.

दुसरीकडे डॉक्टर कमी खा म्हणून सांगून थकले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगले. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. इफ्तारच्या पहिल्या अर्ध्या तासातच कित्येक घरांत हा हिशेब संपतो.

पण साखरेची सगळी कामे खाण्याचीच नाहीत. घरातल्या मोठ्या बायकांना तिचे इतरही उपयोग माहीत होते. ते आज विसरले गेले आहेत, किंवा बाटलीत भरून महाग दराने परत विकले जात आहेत. हे उपयोग पुन्हा घरात यायला हवेत. मात्र ते आंधळेपणाने येऊ नयेत, त्यामागचे कारण समजून यावेत.

कारण तसे सोपे आहे. साखर पाणी ओढते. मुरंबा आणि गुलकंद वर्षभर टिकतात ते यामुळेच. दाट पाकात जंतू पडला तरी त्याच्या अंगातले पाणी पाकच ओढून घेतो आणि तो वाढू शकत नाही. साखरेचा दुसरा गुण म्हणजे तिचा दाणा खरखरीत असतो, पण पाण्यात पूर्ण विरघळतो. तिसरा गुण चिकटपणा. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की कोणता घरगुती उपाय खरा आणि कोणता नुसता ऐकीव, हे बरेचसे ओळखता येते.

चाँदरातीची मेंदी घ्या. मेंदी सुकू लागली की तिच्यावर कापसाच्या बोळ्याने लिंबू-साखरेचे पाणी टेपतात. लग्नघरातही हेच करतात, मग नवरी कोणत्याही धर्माची असो. साखर मेंदीला हाताला धरून ठेवते आणि तिच्यातला ओलावा लवकर जाऊ देत नाही. मेंदी जितका वेळ ओली राहील तितका रंग खोल उतरतो. रंग झटपट यावा म्हणून बाजारातली ‘काळी मेंदी’ आणण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. त्या काळ्या रंगात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते आणि त्याने हातावर फोड येऊ शकतात.

अंगावरचे केस काढायलाही साखर चालते. अरब देशांत आणि इराणमध्ये बायका पिढ्यान्‌पिढ्या साखरेचे वॅक्स घरीच करत आल्या आहेत. अरबीत त्याला ‘हलावा’ म्हणतात. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस आणि पाव वाटी पाणी मंद आचेवर मधासारखा रंग येईपर्यंत शिजवायचे. लिंबू कशासाठी, ते गुलाबजामचा पाक करणाऱ्याला विचारावे. आंबटपणामुळे साखरेचे पुन्हा खडे बनत नाहीत, पाक लवचिक राहतो. हे वॅक्स नुसत्या पाण्याने निघते, साबणही लागत नाही. मात्र गरम पाक त्वचेला चिकटून बसतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतो. तो कोमट होईपर्यंत हात लावू नये, आणि आधी मनगटाजवळ थोडासा लावून पाहावा.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराच्या हातावरचे काळे ग्रीस साबणाने निघत नाही. चमचाभर साखर आणि थोडे गोडेतेल हातावर चोळले की तेल ग्रीसला सोडवते आणि साखरेचा दाणा ते खरवडून काढतो. धुताना दाणा विरघळतो, मोरीत काही अडकत नाही. टाचांच्या कोरड्या कातडीलाही हेच चालते. ‘शुगर स्क्रब’ म्हणून डबीत विकले जाते ते मुळात एवढेच, वर सुगंध आणि छापील झाकण. चेहऱ्यावर मात्र जाड साखर घासू नये. तिथली त्वचा नाजूक असते, ओरखडे उठतात आणि पुरळ असेल तर चिघळते.

झुरळांसाठी बोरिक पावडर, साखर आणि कणीक दुधात मळून केलेल्या गोळ्या कोपऱ्यांत ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कॅरमवर टाकतात तीच ही पावडर. साखर आमिष, पावडर विष. त्यामुळे रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशा जागी ती गोळी ठेवणे धोक्याचे. क्रोशाचे तोरण असो की टोपी, साखरेच्या दाट पाण्यात बुडवून आकार देऊन वाळवली की कडक राहते. पावसाळ्यात मात्र हीच साखर हवेतला ओलावा ओढते, विणकाम चिकट होते आणि मुंग्या पत्ता शोधत येतात. फुलदाणीच्या पाण्यातल्या साखरेने फुलांना बळ मिळते. पण नुसती साखर जंतूंनाही पोसते आणि पाणी नासते, म्हणून सोबत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हवे.

इथपर्यंत चुकले तरी बहुतेक वेळा नुकसान थोडक्यातच भागते. खरा प्रश्न साखर औषध म्हणून वापरली जाते तिथे आहे.

जखमेवर साखर भरण्याचा उपाय जगात अनेक ठिकाणी आहे आणि तो अगदीच खोटा नाही. झिम्बाब्वेत लहानपणी हा उपाय पाहिलेले मोझेस मुरांडू पुढे इंग्लंडमध्ये परिचारक झाले. वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात शिकवताना त्यांनी रुग्णांच्या जखमांवर साखरेचा रीतसर अभ्यास केला. साखर जखमेतला ओलावा ओढते आणि जंतूंना वाढू देत नाही, हे त्यामागचे तत्त्व. मुरंब्याचेच तत्त्व. पण ते काम प्रशिक्षित हातांनी, जखम साफ करून, रोज तपासून केलेले होते. घरातल्या डब्यातली साखर, मुंग्या आणि जुने फडके यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मधुमेहाच्या रुग्णाचा पाय हा तर वेगळाच विषय. अशा पायाची संवेदना कमी झालेली असते, जखम दुखत नाही, म्हणून ती लहान वाटते. ‘साखर भरा, हळद भरा, होईल बरी’ म्हणत आठवडा गेला तर बोट आणि कधी पाऊलही गमवावे लागते. उपासाच्या महिन्यात, मग तो रमजान असो की श्रावण, असा माणूस घरात असेल तर रोज रात्री त्याचे तळवे उजेडात पाहावेत. जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. भजी तळताना हात भाजला तरी साखर, टूथपेस्ट काही लावू नये. वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा.

याच साखरेने असंख्य जीव वाचवले आहेत, हेही तितकेच खरे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ओआरएसची पुडी घरात नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर वेळ निभावता येते.

आता कोणी म्हणेल, बाळाला गोड आवडते, साखर दुप्पट घालू. इथेच घात होतो. साखर प्रमाणाबाहेर गेली की ती शरीरातले पाणी आतड्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. सहा चमचे औषध, बारा चमचे रोग. चमचा तोच, साखर तीच.

म्हणून घरातल्या मुलींना आणि मुलांनाही उपाय सांगताना त्यासोबत कारण आणि माप सांगावे. मेंदीवर लिंबू-साखर का टेपायची हे ज्याला कळले, त्याला आजोबांच्या तळव्यावरच्या जखमेत साखर का भरायची नाही, हेही समजावता येईल. उधळपट्टीला रमजानच्या शिकवणीत ‘इस्राफ’ म्हणतात आणि ती नापसंत मानली जाते. ताटात उरलेले गोड टाकून देणे ही उधळपट्टीच, तसे न मोजता पोटात ढकलणे हीसुद्धा. यंदा ईदच्या यादीत साखर लिहिताना एक किलो कमी लिहिली तरी शीरखुर्म्याची गोडी कमी होणार नाही. मेंदीपुरती आणि ग्रीसच्या हातांपुरती साखर त्यातूनही सहज उरेल.