सोळाव्या वर्षीची सुई

निफाड-दिंडोरीकडच्या विद्यार्थ्यांना द्राक्षबागेच्या तारा नव्या नाहीत. छाटणीच्या दिवसांत घरच्या बागेत राबताना हातापायांना ओरखडे येतातच. मात्र एखाद्याच्या पायात गंजका खिळा घुसला, की धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी धावपळ उडते.

वास्तविक गंज बिचारा निर्दोष! धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके माती आणि शेणात वर्षानुवर्षे टिकून असतात. खोल, अरुंद जखमेत प्राणवायू पोचत नाही; तेथे ती रुजतात आणि जंतूंच्या विषाने स्नायू आखडतात. बाभळीचा काटाही त्यासाठी पुरतो. हेच विष फॉर्मॅलिनने निरुपद्रवी करून लस बनवतात. ती टोचल्यावर शरीर प्रतिपिंडे तयार करते, पण त्याला काही दिवस लागतात. जखम झाल्यावर डॉक्टरांकडे जावेच. पण खरा भरवसा आधीच्या मात्रांचा.

बाळपणीच्या मात्रांचा प्रभाव हळूहळू ओसरतो. म्हणून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी 'टीडी' ही लस ठेवली आहे. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. घटसर्पाची प्रतिकारशक्ती ओसरली तर काय होते, हे १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएत संघराज्यात दिसले. तेथे दीड लाखाहून अधिक लोकांना हा रोग झाला आणि त्यांत प्रौढ पुष्कळ होते. घटसर्प माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून शेजाऱ्याने लस घेतली तर थोडे संरक्षण आपल्यालाही मिळते. धनुर्वाताचे तसे नाही. जंतू मातीतून येतो. तुमची लस तुम्हालाच घ्यावी लागते. इतकेच काय, एकदा धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही!

आता माझी तक्रार. दहाव्या वर्षी मुले शाळेत असतात, गुरुजी पटावरून नावे पुकारतात. सोळावे वर्ष मात्र दहावीच्या परीक्षेच्या आसपास येते. कोणी कनिष्ठ महाविद्यालयात, कोणी आय.टी.आय.त, कोणी थेट बागेत. मग त्या मात्रेची आठवण करणार कोण? मुलींना पुढे गरोदरपणात ही लस मिळते. मुलांसाठी मात्र या कार्यक्रमातील सोळाव्या वर्षीची मात्रा शेवटचीच.

शिक्षकांना माझी सूचना अशी : शाळा सोडल्याचा दाखला देताना त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. तीवर विद्यार्थ्याला सोळा वर्षे पूर्ण होण्याची तारीख आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राचे नाव लिहावे. लस तेथे विनामूल्य मिळते. जन्मतारीख तर दाखल्यावर असतेच. तीत सोळा मिळवायला गणिताच्या तासाचीही गरज नाही.